सात हजार रुपये, पपईचा चीक आणि पांढरा कांदा : भवरलाल जैन यांची वाटचाल

तापीकाठ (धागाकर्ता)

मागच्या रविवारी भाचा घरी आला. कृषी पदवीधर आहे, चोपडा तालुक्यात घरची बारा एकर. हातात ड्रायरचं कोटेशन. कांद्याच्या भुकटीचं युनिट टाकायचंय म्हणाला. मी विचारलं, "माल घेणार कोण?" तर म्हणे, "मामा, आधी मशीन तर येऊ द्या."

त्याला समोर बसवून जैन इरिगेशन ही कंपनी उभी करणाऱ्या भवरलाल जैनांची गोष्ट सांगायला लागलो आणि लक्षात आलं, आपल्या जळगावच्या माणसाची ही बाजू आपण फारशी बोलतच नाही. 'मोठेभाऊ' म्हटलं की ठिबक आठवतं, पाइप आठवतात, जैन हिल्स आणि तिथलं गांधीतीर्थ हे संग्रहालय आठवतं. पण कारखानदारीची सुरुवात त्यांनी ठिबकने केली नाही आणि पाइपनेही केली नाही. ती केली शेतमाल प्रक्रियेने, पपईच्या चिकापासून. त्याबद्दल सविस्तर लिहावं आणि इथल्या जाणकारांनी भर घालावी म्हणून हा धागा.

जन्म १२ डिसेंबर १९३७, वाकोद, तालुका जामनेर. अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना लागतं ते गाव. घराणं मूळचं राजस्थानातलं, पाण्याच्या आणि पोटाच्या शोधात इकडे आलेलं. त्यांनी वाणिज्य आणि कायदा या दोन्ही पदव्या घेतल्या. राज्याच्या प्रशासकीय सेवेत निवड झाली होती, म्हणजे साहेब होऊन खुर्चीवर बसायची सोय झाली होती. ती सोडून १९६३ साली धंद्यात उतरले. भांडवल ७,००० रुपये, तीन पिढ्यांची शिल्लक. माल कोणता, तर रॉकेल.

रॉकेलवरून ते शेतकऱ्याला लागणाऱ्या एकेका वस्तूकडे वळत गेले. ट्रॅक्टर, तुषार संच, पीव्हीसी पाइप, खतं, बियाणं, औषधं, सगळ्याच्या एजन्स्या घेतल्या. १९६३ साली विक्री दहा लाखांची होती, १९७८ साली अकरा कोटींची. एवढी पंधरा वर्षं हा माणूस दुसऱ्याचा माल विकत होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कोणत्या गावाला पाणी आहे, कोण उधारी वेळेवर फेडतो, कोण नवीन पीक लावून बघायला तयार होतो, हे सगळं या पंधरा वर्षांत त्यांना कळलेलं असणार. आम्ही ज्याला 'शेतकऱ्याच्या ओट्यावर बसणं' म्हणतो, ते त्यांनी कारखाना काढायच्या आधी केलं.

१९७८ साली त्यांनी जळगावातला चौदा वर्षांचा जुना, बंद पडलेला केळी भुकटीचा कारखाना घेतला, तीस लाखांना. त्या काळात जुन्या यंत्रांसाठी ही किंमत भरमसाट होती. केळीच्या जिल्ह्यात केळीचाच कारखाना हाती आल्यावर कोणालाही वाटलं असतं, तीच भुकटी जरा नीट करून विकू. त्यांनी तसं केलं नाही. त्याच कारखान्यात फेरबदल केले आणि पपईच्या चिकापासून पपेन, म्हणजे प्रथिनं फोडणारं द्रव्य, काढायला घेतलं. पपेनला परदेशात गिऱ्हाईक होतं. पुढे शुद्ध पपेनच्या जगाच्या बाजारात जळगावचा माल आघाडीवर गेला.

हा चीक काढताना मी लहानपणी पाहिलाय. आमच्या शेजारच्या वावरात पपई होती. दिवस उगवायच्या आत बाया-माणसं बागेत जायची. हिरव्या, कच्च्या पण पूर्ण भरलेल्या फळावर वरून खाली चार बारीक चिरा द्यायच्या, नखाएवढ्याही खोल नाहीत. पांढरं दूध ठिबकायला लागायचं. खोडाभोवती उलट्या छत्रीसारखं कापड बांधलेलं, त्यात ते गोळा व्हायचं आणि बघता बघता दह्यासारखं घट्ट व्हायचं. लोखंडाचं भांडं चालत नसे, चीक काळा पडतो. ऊन चढलं की दूध आटतं, म्हणून नऊच्या आत काम उरकायचं. तीन-चार दिवसांनी त्याच फळावर पुन्हा, पण मधल्या जागेत चिरा. माझ्या मावशीच्या बोटांची कातडी त्या चिकाने सोलून निघालेली मला आठवते. पपेन प्रथिनं पचवतं, मग बोटांना कसं सोडेल?

पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे, म्हणून पटकन सांगतो. १९८० साली पीव्हीसी पाइप, सुरुवातीला वर्षाला फक्त ३०० टन. ऐंशीच्या दशकात ठिबक. मग टिश्यू कल्चरची, म्हणजे कंदाऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेली, केळीची रोपं. १९९४ नंतर कांदा-भाजीपाला वाळवणं, आंबा, केळी आणि इतर फळांचा गर. २००८ साली पद्मश्री, २०१२ साली गांधीतीर्थ, आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी निधन.

माझं म्हणणं असं की त्यांनी प्रत्येक वेळी धंदा बदलला, पण समोरचा माणूस बदलला नाही. १९६३ साली ज्या शेतकऱ्याला माल विकला, त्याचाच माल पुढे विकत घेतला. यावर तुमचं मत सांगा. आणि कांदा वाळवण्यातलं कोणाला कळत असेल तर भाच्यासाठी लिहा, तो इथे वाचतोय.

---

रावेरकर

सुंदर लिहिलंय दादा. एक भर. टिश्यू कल्चरच्या आधी आमच्याकडे बसराई आणि श्रीमंती या केळीच्या जाती असायच्या. कंद लावायचे, आणि बाग कधी पंधरा महिन्यांनी तर कधी अठराने कापायला यायची, तीही एकसारखी नाही. एक झाड आज तर शेजारचं महिन्याने. ग्रँड नैन जातीची रोपं ठिबकवर आल्यापासून अकरा-बारा महिन्यांत कापणी होते आणि सगळी बाग जवळपास एकदम येते. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा रोपं आणली तेव्हा गावातल्या लोकांनी येड्यात काढलं होतं, कंद फुकट मिळत असताना रोपाला पैसे कशाला घालतो म्हणून. घड पाहून तेच लोक रोपं कुठून आणली विचारत आले.

प्रक्रियेच्या अंगाने बघा, कारखान्याला नेमकं हेच लागतं. एकदम आणि एकसारखा माल. रोप विकणारा आणि माल घेणारा एकाच विचाराचा असला की ही गोष्ट जमून येते.

---

अनघा_फूडटेक

पपेनबद्दल थोडं. ओला चीक किलोवर विकला जातो, पण शुद्ध पपेन ताकदीवर विकलं जातं. ठरावीक वजनाचं पपेन किती प्रथिन फोडतं ते मोजतात आणि त्यावर दर ठरतो. चीक उन्हात तपकिरी झाला, भट्टी जास्त तापली, की वजन तेवढंच राहतं पण ताकद निघून जाते. म्हणून पन्नास-पंचावन्न अंशांच्या आसपास वाळवतात. साधं चीक वाळवून विकणारे पुष्कळ होते. तो गाळून, शुद्ध करून, प्रत्येक खेपेला ठरलेल्या ताकदीचा देणं हे खरं काम. मांस मऊ करणारे, बिअर थंडीत गढूळ होऊ नये म्हणून वापरणारे, पचनाची औषधं करणारे आणि चामडं कमावणारे, सगळे गिऱ्हाईक ताकद बघूनच घेतात.

म्हणजे १९७८ साली त्यांनी कारखान्याइतकीच प्रयोगशाळाही उभी केली, असं मी म्हणेन. आज माझ्याकडे सल्ल्याला येणारे दहातले आठ जण मशीनबद्दल विचारतात, चाचणीबद्दल कोणी विचारत नाही.

आता भाच्यासाठी कांदा. कांद्यात मुख्यतः पाणीच असतं. आपला नाशिकचा लाल कांदा घेतला तर त्यात विद्राव्य घटक, म्हणजे पाण्यात विरघळलेला आणि वाळल्यावर मागे राहणारा भाग, साधारण दहा ते बारा टक्के. भुकटीला लागतो पांढरा आणि घट्ट कांदा, पंधरा टक्क्यांच्या पुढचा. हिशोब सोपा आहे. बारा टक्क्यांच्या कांद्याचे आठ-नऊ किलो वाळवले की एक किलो चकत्या मिळतात, अठरा टक्क्यांच्या कांद्याचे साडेपाच-सहा किलो पुरतात. दोन्ही ठिकाणी वीज, लाकूड, मजुरी पाणी उडवण्यावरच जाते. कमी घटकांचा कांदा घेणं म्हणजे पैसे देऊन पाणी आणायचं आणि पुन्हा पैसे देऊन ते हवेत सोडायचं.

लाल कांद्याची भुकटी गुलाबी-तपकिरी होते, मसाल्यात रंग बिघडवते. आणि प्रत्येक पांढरा कांदा भुकटीचा नसतो. अलिबागचा पांढरा कांदा गोड, ताटात खायचा, त्याला ड्रायरमध्ये घालणं हा अन्याय आहे. जैनांकडे म्हणूनच घटक जास्त असलेली पांढरी जात निवडून, तिचं बियाणं करून शेतकऱ्यांना दिलं गेलं. ती व्ही-१२ नावाने ओळखली जाते. कारखाना आणि बियाणं एकाच घरात असण्याचा फायदा तो हा.

---

गिरणेचा_पाट

लेख चांगला आहे, पण एक बाजू मांडतो. रोप तुम्ही देणार, ठिबक तुम्ही देणार, सल्ला तुम्ही देणार आणि मालही तुम्हीच घेणार. मग शेतकऱ्याच्या हातात काय उरलं? करार शेतीबद्दल माझा अनुभव कडू आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी एका कंपनीशी आमच्या गटाने करार केला होता. कंपनी कोणती ते लिहीत नाही. भाव पडले तेव्हा गाडी गेटवर दोन दिवस उभी, आणि मग 'आकार लहान' म्हणून निम्मा माल परत. परतीचं भाडंही आमच्याच डोक्यावर. कागदावर सही होती पण कागद घेऊन जाणार कोणाकडे? वडिलांनी त्या रात्री जेवण केलं नाही.

---

तापीकाठ (धागाकर्ता)

गिरणेचा_पाट, वाचून वाईट वाटलं. ही गोष्ट बाजूला सारून धागा पुढे नेण्यात अर्थ नाही.

कांद्याच्या करारात जैनांनी जी रचना केली ती यासाठीच बघण्यासारखी आहे. लागवडीच्या आधी एक किमान दर ठरायचा. काढणीच्या वेळी बाजार त्याच्या खाली गेला तरी तो दर मिळणार. बाजार वर गेला तर दर बाजाराशी जोडलेला. म्हणजे खाली जमीन आहे आणि वर छत नाही. यामुळे दोघांचीही पळवाट बंद होते. भाव चढला की शेतकरी रात्रीतून माल मार्केटला नेतो हेही आपण पाहिलेलंच आहे. बाजारभावच मिळणार असेल तर तो कशाला नेईल?

तरीही तुमचा प्रश्न उरतोच, गेटवर प्रत कोण ठरवतं? तिथे शेतकऱ्याचा माणूस उभा असायला हवा, हे मी मान्य करतो.

---

दिंडोरी_रोड

गिरणेचा_पाट यांच्या प्रश्नाला नाशिक जिल्ह्याने वेगळं उत्तर शोधलंय. मोहाडीची सह्याद्री फार्म्स. विलास शिंदे हे कृषी अभियांत्रिकी शिकलेले, स्वतः शेतकरी. २०१० साली युरोपने भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढनियंत्रकाचे अंश सापडल्यावर माल अडवला आणि द्राक्ष निर्यातदार व बागायतदार अक्षरशः रस्त्यावर आले. त्या वर्षी आमच्या वाड्यातल्या दोन घरांनी बागा तोडल्या. त्याच सुमाराला शेतकऱ्यांच्याच मालकीची उत्पादक कंपनी म्हणून सह्याद्री उभी राहिली. आज ताज्या द्राक्षांबरोबर टोमॅटो आणि फळांची प्रक्रियाही तिथे होते.

मला दोन्ही माणसांबद्दल आदर आहे. फरक मालकीचा आहे. एकीकडे उद्योजक शेतकऱ्याचा सोबती, दुसरीकडे शेतकरी स्वतः भागधारक. पण दोघांनीही बाजाराची अट मागे नेत नेत थेट बांधापर्यंत पोचवली. युरोपातल्या दुकानाला काय चालत नाही हे फवारणीच्या दिवशी शेतकऱ्याला माहीत असलं पाहिजे, कंटेनर बंदरावर पोचल्यावर नाही.

---

रॉटरडॅमहून

मी इथे मसाले आणि वाळवलेल्या भाज्या आयात करणाऱ्या एका छोट्या कंपनीत खरेदी बघतो. मूळ गाव पाचोरा. भाच्याला गिऱ्हाईकाच्या खुर्चीतून सांगतो.

कांद्याची भुकटी भारतातून मुख्यतः गुजरातच्या महुव्याकडून येते. भावनगर जिल्ह्यातलं हे गाव, शंभरावर युनिट्स एका पट्ट्यात. त्यामुळे भावात त्यांना हरवणं सोपं नाही. मी नमुना हातात घेतो तेव्हा आधी रंग बघतो, मग डबा हलवून बघतो. भुकटी डब्यात ढेकळासारखी वाजली की समजायचं, पॅकिंगच्या खोलीत दमट हवा होती. कांद्याची भुकटी हवेतलं पाणी मिठापेक्षाही हावरेपणाने ओढते. पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा ठेवून ती कोरड्या खोलीतच भरावी लागते. पावसाळ्यात चोपड्याला ती खोली कशी कोरडी ठेवणार, हे ड्रायरच्या आधी ठरवा. नंतर जिवाणूंची संख्या, औषधांचे अंश, खडा-केस-साल. एक खेप चांगली देणारे पुष्कळ भेटतात. सातवी खेप पहिलीसारखी देणारा भेटला की आम्ही त्याला सोडत नाही.

जैनांनी २००६-०७ च्या सुमारास अमेरिकेतली कॅस्केड ही कांदा वाळवणारी कंपनी घेतली तेव्हा इथल्या धंद्यातल्या जुन्या लोकांनी दखल घेतली होती, असं माझे साहेब सांगतात. जळगावचा माणूस ऑरेगॉनमध्ये कांदा वाळवतो, हे ऐकून माझी मान इथे किती ताठ झाली ते शब्दांत सांगता येणार नाही.

---

कोकणकडा

आंब्याबद्दल मी लिहितो, रत्नागिरीजवळ आमचं घरगुती कॅनिंग आहे, आजोबांपासून.

हापूसचा गर हा आमचा विषय, पण पेय कंपन्यांचा खरा आधार तोतापुरी. आंध्रातल्या चित्तूर आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरीकडचा. जैनांनी चित्तूरला कारखाना टाकला तो यामुळेच. कोकाकोलाबरोबर २०११ साली तिथे 'उन्नती' प्रकल्प सुरू केला, अतिघन लागवडीचा. आमच्याकडे दहा बाय दहा मीटरवर कलम, एकरी चाळीस झाडं. त्यांनी तीन बाय दोन मीटरवर एकरी ६७४ झाडं लावून दाखवली. छाटणी करून झाड माणसाच्या उंचीचं ठेवायचं. मी स्वतः ती बाग पाहून आलो. खाली उभं राहून हाताने आंबा काढता येतो, झेल्याची, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीची, गरज नाही. आमच्याकडे दरवर्षी कोणीतरी झाडावरून पडतं, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

कॅनिंगचं दुःख वेगळं आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेटीचा भाव कोसळला की सगळा आंबा एकदम कॅनिंगला येतो. पंचवीस दिवसांत वर्षाचा धंदा. या पंचवीस दिवसांसाठी बॉयलर, डबे, माणसं, पैसा सगळं आधी जमवून ठेवायचं आणि गर मात्र पुढच्या मार्चपर्यंत विकत बसायचं. कांदा, आंबा, केळी, पपई, पेरू असं एकामागून एक पीक घेतलं तर कारखाना वर्षभर चालतो. मोठ्यांना ते जमतं, आम्हाला नाही जमलं.

---

खातेवही

सरकारी बँकेत तीस वर्षं कृषी कर्ज बघितली, आता निवृत्त. कोकणकडा यांनी दुखरी नस पकडली आहे. प्रक्रिया उद्योग मशीनच्या कर्जाने बुडत नाही, खेळत्या भांडवलाने बुडतो. रब्बी कांदा मार्च ते मे या काळात येतो. शेतकऱ्याला रोख द्यावे लागतात. भुकटी विकली जाते बारा महिने, आणि गिऱ्हाईक पैसे देतं साठ-नव्वद दिवसांनी. मधला सगळा काळ पैसा पोत्यात बंद. मी दरवर्षी एक-दोन नवीन युनिटं अशी पाहिली की सबसिडीसहित मशीन चकाचक उभी, आणि दुसऱ्या हंगामात कांदा घ्यायला पैसा नाही.

मोठ्यांनाही हे चुकत नाही. नव्वदच्या दशकाच्या मध्यात जैनांनी वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान अशा शेतीबाहेरच्या धंद्यांत पाऊल टाकलं, फटका बसला, आणि ते सगळं आवरून ते पुन्हा शेतीवर आले. धागाकर्त्यांचं 'समोरचा माणूस बदलला नाही' हे वाक्य इथे मला पटतं. जेव्हा बदलला तेव्हाच ठेच लागली. त्यांच्या पश्चात २०१९ साली कंपनी कर्जाचे हप्ते थकण्यापर्यंत आली. ठिबकच्या सरकारी अनुदानाचे अडकलेले पैसे हा त्यातला जुना आजार. २०२२ साली कर्जाची फेररचना झाली आणि २०२३ साली परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्युलिस या इस्रायली कंपनीत विलीन झाला. हे लिहितोय ते कोणाला कमी दाखवायला नाही. एवढा मोठा पसारा उभारणाऱ्यालाही उधारीने गाठलं, हे पोराला माहीत असावं.

भाच्याला सांगा, केंद्राच्या पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान ठेवलं होतं. योजना चालू असेल तर घ्यावं. पण ते मिळणार म्हणून मोठं मशीन घेऊ नये. प्रकल्प अहवालात खेळत्या भांडवलाचं पान मीच तपासून देईन, इथे टाकायला सांगा.

---

गिरणेचा_पाट

दिंडोरी_रोड आणि खातेवही, दोघांचेही आभार. मालकीचा मुद्दा मी गटात मांडणार आहे. आमच्या गटात २७ जण आहेत, अजून कंपनी नोंदवलेली नाही.

---

सुगरण_जामनेर

वाकोद माझं माहेर. सासर जामनेर. एक गोष्ट कोणी विचारली नाही म्हणून मीच विचारते. चिरा दिलेल्या पपईचं पुढे काय व्हायचं? आमच्या आजीकडे ती पपई यायची. वरून ओरखड्यांनी भरलेली, बाजारात कोणी हात लावत नसे, पण आतून चांगली. आजी कच्चीच किसून तिची भाजी करायची, नाहीतर साखरेच्या पाकात वड्या.

---

अनघा_फूडटेक

सुगरण_जामनेर, फार छान प्रश्न. ती फळं टुटीफ्रुटीला जातात. कच्च्या पपईचे बारीक चौकोनी तुकडे, पाकात मुरवून, रंग देऊन. केकमध्ये आणि पानात आपण जे लाल-हिरवे तुकडे खातो ते बहुतेक पपईचेच. चीक काढल्याने तुकड्यांना उलट फायदाच होतो, कडवटपणा कमी असतो. म्हणजे एकाच फळाचे दोनदा पैसे. तुमच्या आजींच्या वड्या आणि टुटीफ्रुटी एकाच घरातल्या.

---

बारा_एकर

नमस्कार. मीच तो भाचा. सगळे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. मामांनी धागा काढला तेव्हा खरं तर राग आला होता, पण आता तीन आठवड्यांनी लिहितोय.

ड्रायरचं बुकिंग थांबवलंय. शिरपूरला एका मित्राच्या वडिलांचा छोटा ट्रे ड्रायर आहे, मेथी वाळवायचा. तो दोन दिवस मागून घेतला. दहा किलो लाल आणि दहा किलो पांढरा कांदा, दोन्ही शिरपूरच्याच बाजारातले. साल आणि मुळं काढून लाल पावणेनऊ किलो राहिला, पांढरा नऊ. पातळ चकत्या केल्या, आईने आणि मी. डोळ्यांचं पाणी थांबेना. पहिले दोन तास सत्तर अंश, मग पंचावन्नला आणलं. लाल कांद्याच्या चकत्या भरल्या एक किलो पन्नास ग्रॅम, पांढऱ्याच्या दीड किलोला थोड्या कमी. अनघाताईंनी सांगितलेला हिशोब वजनकाट्यावर दिसला तेव्हा दोघंही बघतच राहिलो.

मिक्सरमधून काढून दोन डबे भरले आणि जळगाव, भुसावळमधल्या तीन मसालेवाल्यांकडे गेलो. लाल डबा तिघांनीही उघडून परत सरकवला. पांढऱ्याचा वास घेऊन एकाने विचारलं, महिन्याला दोनशे किलो देशील का? वर्षभर? आणि पावसाळ्यातही अशीच मोकळी राहील का? मी हो म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस आला. घरी येऊन डबा उघडला तर कडेने गोळे धरायला लागले होते. रॉटरडॅमहून काकांनी लिहिलेला आवाज मी कानाने ऐकला.

महिन्याला दोनशे म्हणजे वर्षाला चोवीसशे किलो भुकटी. साल, मूळ, नासाडी धरून साधारण सोळा-सतरा टन पांढरा कांदा. आमच्या बारा एकरांतल्या दोन एकरांत तो होऊ शकतो, म्हणजे पहिल्या वर्षी बाहेरून खरेदी करायला पैसे लागणार नाहीत. खातेवही काका, खेळत्या भांडवलाचं पान तुम्हाला पाठवतो. कोटेशनमधल्या मशीनच्या चौथ्या हिश्शाचा ड्रायर पुरतो असं दिसतंय, पण हवा कोरडी करणारं यंत्र त्यात धरलेलं नव्हतं, ते आता धरलंय.

एक विचारायचं होतं. शिरपूर-चोपडा पट्ट्यात कोणी घट्ट पांढरा कांदा लावतंय का? ऑक्टोबरात रोपवाटिका टाकायची तर बियाणं आत्ताच बघावं लागेल.

---

रावेरकर

माझे साडू शिरपूरजवळ लावतात, दीड एकर. बियाणं घरचं नाही, पण कुठून आणतात ते विचारून उद्या व्यक्तिगत निरोप करतो. त्यांच्या वखारीत अजून थोडा कांदा शिल्लक आहे. पाच-दहा किलो घेऊन जा आणि त्याचे घटक अनघाताईंकडून मोजून घे, मगच बियाण्याचं बोल.

---

अनघा_फूडटेक

नक्की. साल न काढता पाठव, आणि वेगवेगळ्या पोत्यांतून दोन-दोन काढ, एकाच पोत्यातले नको.